शिलाई मशीन पुरे, आता बिलबुक वाटा

गेल्या महिन्यात आमच्या सोलापुरात एका शादीखान्यात शिलाई मशीन वाटपाचा जलसा झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारी बाई म्हटलं की असल्या कामाला माझंच नाव निघतं, आणि मलाही नाही म्हणता येत नाही. स्टेजवर अकरा पाहुणे होते, स्टेजखाली पंचवीस मशीन. प्रत्येक मशीनला झेंडूचा हार. एकेक बेवा, एकेक तलाकशुदा बाई पुढे यायची, मशीनच्या चाकावर हात ठेवायची आणि अकराही पाहुणे फोटोत येईपर्यंत तशीच उभी राहायची. भाषणं तीन झाली. तिन्ही भाषणांत ‘अपने पैरों पर खड़ा होना’ आलं. माझ्याही बोलण्यात ते आलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या रांगेत माझी एक जुनी विद्यार्थिनी बसली होती. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं. सहा वर्षांपूर्वी असल्याच एका कार्यक्रमात तिला मशीन मिळालं होतं. या वेळी ती नणंदेला सोबत घेऊन आली होती. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, काम कसं चाललंय? म्हणाली, “टीचर, मशीन तो दो हैं अब. काम बी है. पैसा नै है.”

मग तिथंच, रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून तिनं सगळं सांगितलं. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचं काम किती मोठं आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको; शहरात शिवलेले गणवेश कर्नाटक, तेलंगणापर्यंत जातात. तिनं ठेकेदाराकडून कापलेला माल आणून पीसवर शिवणं सोडलं आणि स्वतः कापड घेऊन माल तयार करायचं ठरवलं. कानातले बँकेत तारण ठेवले. एका दुकानदारानं मे महिन्यात तीनशे ट्युनिक सांगितले, नग २२० रुपयांना. एकूण ६६ हजार. २० हजार आगाऊ दिले. माल जूनच्या आधी पोचला, शाळा सुरू झाल्या, पोरींनी ते ट्युनिक घालून अर्धं वर्ष काढलं. उरलेले ४६ हजार आजही आलेले नाहीत. आधी ‘पुढच्या आठवड्यात’ झालं, मग फोन उचलणं बंद झालं. शेवटी नवऱ्याला घेऊन ती दुकानात गेली तर मालकानं चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, “कौनसा माल? बिल दिखाव.”

बिल नव्हतं. तिच्याकडे बिलबुकच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन आवाजी निरोप होते आणि वहीत पेन्सिलनं लिहिलेला आकडा होता. ऑर्डर घेताना तिनं बिचकत विचारलं होतं म्हणे, भाई, कागदावर लिहून घ्यायचं का? तर उत्तर आलं होतं, “बहेन, अपने बीच में कागज़ क्या?”

हे ‘अपने बीच में’ मला झोंबलं. दुकानदार आपलाच आहे. पहिल्या सफमध्ये उभा राहतो, रमजानमध्ये जकात काढतो. कदाचित असल्या मशीन वाटपाला वर्गणीही देत असेल. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत कोणती, हे आमच्या शाळेतली पाचवीची पोरंही सांगतील: सूरा बकरामधली २८२वी. ती नमाजबद्दल नाही, रोज्याबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, व्यवहार छोटा असला तरी लिहायचा कंटाळा करू नये, इथपर्यंत ती जाते. आणि आपण मात्र ‘अपने बीच में कागज़ क्या’ याला भाईचारा समजतो. आमच्याकडे व्यवहारात कागद न करणं ही शराफत झाली आहे, आणि कागद मागणारी बाई बेएतबारी झाली आहे. या शराफतीचा फायदा प्रत्येक वेळी ज्याच्या हातात पैसा आहे त्यालाच होतो, शिवणाऱ्या बाईला झालेला मी तरी पाहिला नाही.

मी वाणिज्य शाखेची नाही. बी.एड. झालेली भाषेची शिक्षिका आहे. पण गेली काही वर्षं पालकांचे फॉर्म भरता भरता जे शिकले ते इथं लिहिते, कारण ज्यांनी हे मोहल्ल्यात सांगायला हवं होतं ते मशीनला हार घालण्यात गुंतलेत.

कपड्याचं छोटं काम घरातून सुरू करायला लागणारे कागद मोजून तीन-चार आहेत. पॅन कार्ड. उद्यम नोंदणी. शॉप अ‍ॅक्टची सूचना, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो. आणि धंद्याचं वेगळं बँक खातं. बस. यातलं उद्यम हे सगळ्यात महत्त्वाचं आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त लूट चालते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सुरू आहे. सरकारच्या संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे, एक रुपया लागत नाही. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि पॅन एवढ्यावर होते, कागदपत्रं चढवावी लागत नाहीत, तुम्ही स्वतः दिलेली माहितीच धरली जाते. तरी आमच्या भागात याचे पाचशेपासून दोन हजारांपर्यंत घेतले जातात. सरकारी वाटावं असं नाव आणि झेंड्याचे रंग घेतलेली खासगी संकेतस्थळंही आहेत, तिथं फॉर्म भरून झाला की पैसे मागतात. फॉर्म भरून देण्याच्या मेहनतीचे शंभर रुपये कुणी घेतले तर माझी तक्रार नाही. ‘सरकारची फी’ म्हणून दीड हजार घेणं ही चोरी आहे, मग ती करणारा आपल्याच गल्लीतला का असेना.

पैशापेक्षाही मोठं नुकसान एजंट दुसऱ्याच ठिकाणी करतो. उद्यमच्या फॉर्ममध्ये तुमचं काम काय, याचा पाच अंकी कोड निवडावा लागतो. कापड घेऊन कपडा तयार करणं म्हणजे उत्पादन. तयार कपडा आणून विकणं म्हणजे व्यापार. घाईत असलेला एजंट ‘कपडे’ शोधतो, पहिला दिसेल तो किरकोळ विक्रीचा कोड टाकतो आणि प्रिंट हातात देतो. बाई खूश. तिला कळतच नाही की त्या एका कोडनं तिचं सगळ्यात मोठं हत्यार काढून घेतलं. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं आहे, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जासाठी. उशिरा मिळणाऱ्या पैशाविरुद्धचं संरक्षण उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांना आहे.

हे संरक्षण काय आहे ते नीट समजून घ्या, कारण ४६ हजारांचा प्रश्न इथंच सुटतो. २००६ सालचा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो की अशा छोट्या उत्पादकाकडून माल घेतला तर ठरलेल्या तारखेला पैसे द्या, आणि ठरलेली तारीखही ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. काहीच लेखी ठरलं नसेल तर मुदत १५ दिवस. त्यापुढे व्याज सुरू, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते, ती सुकरता परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध देणेकऱ्याला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे वाचून मी दोनदा डोळे चोळले. इतका कडक कायदा आपल्या बाजूनं उभा आहे आणि शास्त्री नगर, नई जिंदगीतल्या शिवणाऱ्या बायकांना त्याचं नावही ठाऊक नाही!

त्यात २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या कायद्यात भर पडली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणजे त्याचा कर वाढतो. कापड बाजारातून तेव्हा केवढी ओरड झाली होती, आठवतंय? मोठे व्यापारी रस्त्यावर आले, निवेदनं दिली. ज्या नियमावर देणेकरी एवढे चिडतात तो येणेकऱ्याच्या भल्याचा असणार, एवढं तर शाळेत न गेलेल्या आमच्या खालालाही कळेल.

एक मात्र आहे. नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. उधारी बुडाल्यावर उद्यम काढून भांडायला गेलात तर पहिला वाद नोंदणीच्या तारखेवरच होतो. माझ्या विद्यार्थिनीचं तेच झालं. तिच्यासाठी मी धावपळ केली, पण जूनचा माल आणि त्यानंतर पाच महिन्यांनी काढलेलं उद्यम याला फारसा अर्थ नव्हता. शिवाय माल दिल्याचा सहीचा कागद नाही तो नाहीच.

गुमास्त्याबद्दलही असंच. महाराष्ट्रात २०१७ साली नवा दुकान कायदा आला. आता वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर परवाना घ्यायचाच नाही, धंदा सुरू केल्यावर साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. शुल्क नाममात्र. तरीही ‘शॉप अ‍ॅक्ट लायसन्स’ म्हणून हजार-दीड हजाराला ती पावती विकली जाते, वर लॅमिनेशनचे वीस रुपये वेगळे. बँकेत चालू खातं उघडायला ही पावती आणि उद्यम सहसा पुरतं.

आता जीएसटी. या तीन अक्षरांची आमच्या मोहल्ल्यात जिन्नसारखी दहशत आहे. अर्ध्या बायका सांगतात, “बिल बनाए तो जीएसटी लगता.” नाही लगता! फक्त माल विकणाऱ्याला, राज्याच्या आतच विक्री असेल तर, वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही. १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा आहे. नोंदणी नसताना साधं बिल देता येतं, त्यावर नाव, पत्ता, क्रमांक, तारीख, नग, दर, रक्कम लिहायची आणि जीएसटी लावायचा नाही, एवढंच. महिन्याला लाखाचा माल विकणारी बाईसुद्धा वर्षाला १२ लाखांवर थांबते. ४० लाख तिच्यापासून फार दूर आहेत.

पण इथं सरकारलाही बोल लावल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. माल राज्याबाहेर पाठवला की हे ४० लाख गायब. पहिल्या डझनापासून नोंदणी सक्तीची. सोलापूरच्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला ट्युनिक पाठवा, काही नको. शंभर किलोमीटरवरच्या विजापूरला, जिथं आपल्या निम्म्या लोकांची सोयरीक आहे, तिथं एक गठ्ठा पाठवा, तर जीएसटी क्रमांक हवा. सेवा देणाऱ्यांना राज्याबाहेरही २० लाखांपर्यंत सूट आहे, हस्तकलेच्या मालालाही आहे. घरात शिवलेल्या फ्रॉकला नाही. सीमेवरच्या शहरातल्या छोट्या उत्पादकानं कुणाचं घोडं मारलंय? ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकणाऱ्यांनाही आधी पहिल्या नगापासून नोंदणी लागायची; ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकायला ती अट काढली. मग सीमेपलीकडच्या बाजारपेठेसाठीही काढता येईल. आमच्या आमदार-खासदारांनी मशीन वाटायच्या ऐवजी हे एक मागणं दिल्लीत मांडावं.

ज्यांना जीएसटी खरंच घ्यावा लागतो त्यांनी पुढचं गणित आधी करावं. नोंदणी मोफत आहे, पण विवरणपत्र विक्री शून्य असली तरी भरावं लागतं आणि चुकलं की रोजचा दंड चढतो. सोबत राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २५०० रुपये. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी एकरकमी एक टक्का भरायची कंपोझिशन योजना आहे, पण तीत राज्याबाहेर विकता येत नाही, म्हणजे विजापूरचा प्रश्न तसाच. करदर तसा डोईजड नाही: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के. त्यावरच्या कपड्यावर मात्र १२ चे १८ झाले. लग्नाचे शरारे आणि घागरे शिवणाऱ्या बायकांनी एवढं लक्षात ठेवावं.

‘कशाला पाहिजे ही झंझट, कागद काढला की सरकारच्या नजरेत येतो’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, तुम्ही क्यूआर कोड लावलाय ना? मग तुम्ही नजरेत आलातच. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या. त्यात भाजीवाले, दूधवाले, बेकरीवालेही होते, ज्यांच्या बऱ्याच मालावर करच नाही. लोकांनी घाबरून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. नोटीस आली तर तिला उत्तर देता येतं, पण त्यासाठी वही लागते, बिलं लागतात. नणंदेनं उसने दिलेले आणि गिऱ्हाइकानं दिलेले एकाच खात्यात पडत असतील तर कोणते पैसे कुठले, हे कुणाला सांगणार? म्हणून वेगळं खातं. आयकराचं भयही असंच फुगवलेलं. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून विवरण भरायची सोय आहे. १२ लाखांची उलाढाल असेल तर ८ टक्क्यांनी उत्पन्न होतं ९६ हजार. यावर कर शून्य. पण तेच विवरणपत्र दोन-तीन वर्षांचं असलं की बँकेचा साहेब खुर्ची पुढे सरकवतो.

आणखी एक भीती मला बायकांनी कानात सांगितली: उद्यम काढलं तर लाडकी बहीणचे पंधराशे बंद होतील का? योजनेची अट कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची आणि घरात कुणी आयकर भरत नसण्याची आहे, उद्यमची नाही. आणि समजा उद्या धंदा इतका वाढला की पंधराशे बंद झाले, तर त्या दिवशी माझ्याकडून शीरखुर्मा.

भीतीची चेष्टा मात्र मी करणार नाही. कागदाची धास्ती आमच्या लोकांना उगाच बसलेली नाही. २०१९-२० च्या त्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर बायकांची रांग लागायची, दाखला द्या, नाव तपासा, स्पेलिंग तपासा म्हणून. तेव्हापासून ‘कागज़’ हा शब्दच दुखरा झाला आहे. आणि या दुखण्यात आम्हा शिक्षकांचाही हात आहे, हे कबूल करायला हवं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पहिलं नाव आम्ही लिहितो. फातिमाची फातेमा आम्ही केली. शेखला कुठं शेक केलं, मोहम्मदचा नुसता ‘मो.’ केला. ‘शेख’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि एकाच घरात चारही सापडतात. लग्नाआधी बानो, लग्नानंतर बेगम, आधारवर बी. पॅनवर बापाचं नाव, बँकेत नवऱ्याचं. उद्यमचा फॉर्म आधार आणि पॅनवरचं नाव ताडून पाहतो आणि जुळलं नाही की तिथंच अडतो. मी भरलेल्या फॉर्मांपैकी जे अडले ते बहुतेक नावातच अडले. यावर एकच इलाज मला सापडला आहे: धंद्याचा विचार करण्याच्या आधी, निवांत वेळी, आधार, पॅन आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. एका दुपारचं काम नाही, दोन-तीन चकरा होतात. पण ऑर्डर हातात असताना या चकरा मारणं फार महागात जातं.

आता घरातल्या पुरुषांबद्दल. बायकांसाठी सवलती आहेत कळल्यापासून कित्येक भाईजान बायकोच्या नावानं उद्यम आणि जीएसटी काढतात. धंदा त्यांचा, सही तिची, ओटीपी तिच्या मोबाईलचा. एका पालक बाईच्या हातात मी जीएसटीची नोटीस पाहिली आहे. तिला आपल्या नावावर फर्म आहे हेच माहीत नव्हतं. नवऱ्यानं दोन वर्षं विवरणपत्र भरलं नाही, दंड तिच्या नावावर. घरचा माणूस असं करतो तिथं बाहेरच्या एजंटला आधारची झेरॉक्स आणि ओटीपी देताना तरी विचार करा. दुसऱ्याच्या कागदांवर बनावट फर्म काढण्याचे प्रकार इतके वाढले की २०२३ मध्ये जीएसटी खात्याला देशभर त्याविरुद्ध मोहीम काढावी लागली. बेटी, बहू, बायको, जिच्या नावानं कागद आहे तिला तो वाचून दाखवा, तिच्या भाषेत.

इथं एक वेगळी गोष्ट सांगितली नाही तर माझं लिहिणं अर्धवट राहील. ठेकेदाराकडून कापलेला माल आणून नगावर शिवणारी बाई उद्योजिका नाही. ती कामगार आहे. हल्ली काही ठेकेदार अशा बायकांनाही उद्यम काढायला लावतात आणि ‘तू तो अब मालकिन है’ म्हणतात. मालकीण कसली? दर तो ठरवतो, माल त्याचा, नापास नगाचे पैसे तिच्या हिशोबातून. तिला मालकीण म्हटलं की त्याच्यावरची सगळी जबाबदारी उतरते. याच सोलापुरात घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ च्या कायद्यानं कामगार मानलं. त्यांना कार्ड आहे, फंड आहे. विडी कामगार म्हणून नोंद होती म्हणूनच कुंभारीला दहा हजार बायकांना घरं मिळाली. त्यासाठी लाल बावट्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. आमच्या शिवणाऱ्या बायकांसाठी मोर्चा काढलेला एक तरी नेता दाखवा. सच्चर समितीनं २००६ मध्येच लिहून ठेवलं होतं की मुस्लिम बायका घरात बसून काम करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तो अहवाल आमच्या भाषणांत प्रत्येक निवडणुकीला येतो. त्यातली ही ओळ मात्र कधी येत नाही.

म्हणून मशीन वाटणाऱ्यांना माझा थेट सवाल आहे. तुम्ही वाटलेल्या मशीनचं वर्षभरानं काय झालं, हे तुमच्यापैकी कुणी कधी जाऊन पाहिलंत? मी पाहिलं आहे. काही विकली गेली, काही पलंगाखाली आहेत, आणि जी चालतात त्यातली बरीचशी ठेकेदाराचा माल शिवतात. म्हणजे तुमच्या जकातीच्या पैशानं ठेकेदाराला फुकटात मशीन मिळालं, कारागीर आधीच स्वस्त होती. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत दर्जी हा अठरा कामांपैकी एक आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार आणि मग ५ टक्के व्याजानं कर्ज आहे. मुद्राचं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण आहे. मशीन मिळवण्याचे रस्ते बरेच आहेत. मशीनच्या बाजूला बसून नाव जुळवून देणारा, कोड बरोबर टाकणारा, पहिलं बिल लिहायला शिकवणारा माणूस कुठंच नाही. दोनशे रुपयांत छापील बिलबुक मिळतं, नक्कल निघणारं. पंचवीस मशीनच्या खर्चात अख्ख्या वॉर्डाला बिलबुकं होतील.

माझ्या विद्यार्थिनीचे ४६ हजार परत येतील असं मला वाटत नाही. कानातले सोडवायची मुदत जवळ आली आहे. पण तिचं उद्यम आता आहे, उत्पादनाच्या कोडनं. गेल्या आठवड्यात तिला एका नर्सरीचे साठ फ्रॉक मिळाले. तिनं बिल क्रमांक १ लिहिलं, मराठीत, त्याच मोत्यासारख्या अक्षरात, खाली माल मिळाल्याची सही घेतली आणि त्याचा फोटो मला पाठवला. १५ दिवसांचा हिशोब तिनं स्वतःच कॅलेंडरवर मांडला आहे.

शादीखान्यातल्या त्याच मंडळींचा परवा फोन आला. रजबमध्ये पुन्हा मशीन वाटप आहे, टीचर, सूत्रसंचालन तुमचंच. मी म्हटलं, येते, पण दारात मला एक टेबल द्या, दोन लॅपटॉप आणणारी पोरं मी आणीन. ज्या बाईला मशीन मिळेल तिचं उद्यम आणि गुमास्ता तिथंच करून देऊ, आणि मशीनवर हाराच्या ऐवजी बिलबुक ठेवू. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग म्हणाले, “टीचर, प्रोग्राम लंबा हो जाएगा. मेहमानों को आगे बी जाना रहता.”

टेबल मी घरून नेणार आहे.